न्गुम्बाओचा खांब

"मॅडम, खांब चोरला! माझ्या भावाचा किगांगो!"

सकाळी सातला गांझेच्या चौकीत फोन वाजला. इन्स्पेक्टर म्बोद्झेने चहा सावकाश संपवला. तिचा मुलगा वारल्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून तिला कशाचीच घाई वाटत नव्हती.

फोन करणाऱ्या म्हाताऱ्या केंगाच्या घरासमोर मेलेल्या पुरुषांच्या स्मरणार्थ उभारलेले नऊ कोरीव खांब होते. लांबलांबून लोक ते पाहायला येत. आज आठच उरले होते. केंगाचा धाकटा भाऊ न्गुम्बाओ दोन वर्षांपूर्वी गेला, त्याचा खांब गायब होता. त्या जागी माती सपाट केलेली. वर मुंग्यांची रीघ.

"काय पाहिलंत, बाबा?"

"उजाडताना तिघं पळाले. मालिंदीच्या त्या खांब विकणाऱ्या दलालाची माणसं. मागच्या आठवड्यात आला होता मेला, काठीनं हाकलला मी त्याला."

"इथं येऊन बघितलंत?"

"छे! पायच उचलेना. दारातूनच फोन केला."

न्गुम्बाओची विधवा न्येवू चुलीपाशी शेंगा सोलत होती.

"घरात माडी आहे?" म्बोद्झेने विचारलं.

"काल भाऊजींनी उतरवली होती. हे माडावरनं पडल्यापासून तेच चढतात. पण आज माडीचा भोपळा रिकामा. सकाळी सकाळीच ढोसली की काय, देव जाणे!"

म्बोद्झेने खांबाच्या जागची चिमूटभर माती उचलून हुंगली. आंबूस, गोडसर.

"बाबा, चोर खड्डा बुजवत बसत नाही. खांब उपटण्याआधी मेलेल्याला माडी पाजून त्याची माफीही मागत नाही. तसं घरचाच माणूस करतो. माती अजून ओली आहे, मुंग्या लागल्यात. माडी तुमची, भोपळा तुमचा. आणि तुम्ही म्हणता, दारातून हललोच नाही."

केंगा खांबाच्या जागेकडे पाठ करून बसला.

"दलालानं किती दिले?"

"एक शिलिंगही नाही. मीच बोलावून फुकट दिला." तो जमिनीकडे बघत राहिला. "रोज सकाळी दार उघडलं की तो समोर. माडावरनं पडला तेव्हा जिवंत होता, मॅडम. हाका मारत होता. आदल्या दिवशी भांडलो होतो आम्ही. म्हटलं, ओरडू दे थोडा. मग गेलो, तोवर…"

न्येवूचे हात थांबले.

"तुम्ही तर म्हणालात, पडता क्षणीच गेला."



म्बोद्झेने नाक्यावर फोन लावला. मालिंदीच्या रस्त्यावर आंब्यांच्या ट्रकमध्ये, गोणपाटात गुंडाळलेला खांब सापडला. दलालालाही धरलं. दुपारी खांब परत आला.

खड्डा न्येवूने स्वतः खणला. कुणाला हात लावू दिला नाही.

"न्येवू," केंगा पुटपुटला, "त्याचं तोंड जरा पलीकडं करशील?"

तिने खांबाचं तोंड केंगाच्या दाराकडे केलं आणि पायाने माती दाबत राहिली.

म्बोद्झे पाहत होती. इथं काहीतरी वाटायला हवं, एवढं तिला कळत होतं. तिने जीपचं दार उघडलं.

"बसा, बाबा. चौकीत जायचंय."