मागल्याचा खडा

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की मुलं माझ्या ओसरीवर यायची. चौघं असायची: नागू, फुला, केशर आणि चंद्रा. रामनगरपासून सहा मैलांवरच्या आमच्या गावात मी एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. निवृत्त झाले तरी शिकवायची सवय काही सुटली नाही. पाढे झाले, कविता झाल्या, नकाशे झाले. मग १९९१च्या दिवाळीला माझा भाचा परशुराम आला. तो बेळगावला इंजिनिअरिंगला होता आणि हॉस्टेलवर एक नवा खेळ शिकला होता.

त्या खेळाला पट नव्हता. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपण काय करणार ते ज्यानं त्यानं बोलायचं. ते जमलं की फसलं हे फासे सांगणार. परशुरामकडे आठ बाजूंचे, बारा बाजूंचे रंगीत फासे होते. ते तो परत घेऊन गेला. मग मी चिंचोके फोडून त्यांच्या फाका केल्या. एक बाजू काळी, एक पांढरी. चार फाका टाकायच्या आणि पांढऱ्या किती पडल्या ते मोजायचं; पांढऱ्या जास्त तर जमलं, काळ्या जास्त तर फसलं. सोंगट्या म्हणून ओढ्यातले खडे. नागूचा तांबडा, फुलाचा चपटा, केशरचा हिरवट. चंद्राचा पांढऱ्या गारगोटीचा होता, एका कडेला खाच पडलेला. तो खडा ती कुणाला हात लावू देत नसे. खेळ संपला की घरी घेऊन जायची.

गोष्ट मी सांगायचे. गोष्टीत आमचंच रान होतं. पहिला दुष्ट मुलांनीच ठरवला. दहा हात, पहारीएवढे दात, तोंडातून जाळ. दुसऱ्या रविवारी मुलांनी त्याला मारलंसुद्धा. नागूनं जांभई दिली.

"का बाई?" चंद्रानं विचारलं. "एवढं दात असून भ्या का वाटत न्हाई त्येचं?"

चंद्रा अकरा वर्षांची होती. तिला प्रत्येक गोष्टीत 'का' लागायचा. ऊन पांढरं का, बेडूक दगडाखाली का, बाईंनी लग्न केलं न्हाई ते का. तिची आई शांती त्या 'का'नं कावून जायची. मी मात्र त्याची वाट बघायचे.

मी पाटी घेतली आणि तीन प्रश्न लिहिले. त्याला काय हवंय? त्याची खूण काय? आणि तो कशानं हरतो?

"दातांनी कुणी ध्यानात राहत नाही," मी म्हणाले. "स्वतःच्या मनात कुणीच दुष्ट नसतो. त्याला असं काहीतरी हवं असलं पाहिजे की ऐकणाऱ्याला वाटावं, त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच हवं असतं."

मुलं विचार करत बसली. फुला म्हणाली, "त्येला भाकरी पायजे."

"तुलाच पायजे," नागू म्हणाला.

चंद्रा तिच्या पांढऱ्या खड्यावर बोट फिरवत होती. मग ती म्हणाली, "ज्येचा खडा कुणी ठेवलाच न्हाई, असा एक मानूस."

आमच्याकडे रानात जाणारी माणसं गावाबाहेरच्या जांभळीखाली, देवाच्या दगडापाशी, एकेक खडा ठेवून जातात. परत आलं की आपापला खडा उचलायचा. एक जरी खडा उरला तरी कुणी घरी जायचं नाही. सगळ्यांनी ढोल घेऊन माघारी फिरायचं आणि त्या माणसाला शोधून आणायचं. माझ्या आठवणीत या रीतीनं तीन माणसं वाचली आहेत.

"त्यो रानात गेला," चंद्रा सांगत होती, "पन त्येचा खडाच न्हाई. म्हंजे हुडकायला कोन गेलंच न्हाई. त्यो आजून थितंच हाय. ओळीनं मानसं जात्यात न्हवं? त्येंच्या मागनं चालतोय. त्येला घरी यायचंय."

एकतीस वर्षांत एवढं चांगलं उत्तर मला फार थोड्या वेळा मिळालं होतं. मला राहवलं नाही. त्या उत्तरात मी माझी भर घातली.

"पण खडे आणि माणसं सारखी हवीत," मी म्हणाले. "तो घरी यायचा तर त्याच्या जागी कुणीतरी रानात राहिलं पाहिजे."

केशर उठून फुलाला चिकटून बसली. मला आनंद झाला. मुलांना गोष्ट लागली होती.

त्याचं नाव मागला ठेवलं. ओळीत सगळ्यांच्या मागं, जरा अंतर ठेवून चालणारा. खूण अशी की तो कधी काही विचारत नाही. त्याच्यासाठी नागूनं ओढ्यातून एक काळा, गुळगुळीत खडा आणला. तिसऱ्या प्रश्नाला हात घातला तेवढ्यात फुलाच्या आईची हाक आली.

"पुढच्या रविवारी ठरवू," मी म्हणाले.

पुढचे दोन रविवार मुलं भात झोडायला खळ्यावर होती. जानेवारीत खेळ पुन्हा सुरू झाला. मागल्याची पाळी आली आणि मी फाका टाकल्या. चार पांढऱ्या. पुन्हा टाकल्या. चार. त्या दुपारी सात वेळा चार पांढऱ्या पडल्या. फाका एका बाजूनं झिजल्या असतील म्हणून आठवड्यात मी नवे चिंचोके फोडले. रविवारी त्यांचंही तेच झालं.

"बाई चोरी करत्यात," नागू म्हणाला आणि सगळी हसली. मीही हसले.

उळवीची जत्रा झाली आणि शिकेकाईचा हंगाम सुरू झाला. रोज आठ-नऊ माणसं रानात जाऊ लागली. ओळीच्या पुढं धाकलूआज्जा असे. सत्तरीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. एका सकाळी तो माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. त्यानं मूठ उघडली.

"ह्यो तुमच्या पोरांचा खेळ हाय काय, बाई?"

हातात काळा गुळगुळीत खडा होता.

"काल सगळ्यांनी आपापलं खडं उचललं. ह्यो उरला. परवाबी उरलेला. उगं मानसं मोजत बसलो आमी."

मी आत जाऊन सोंगट्यांचा डबा उघडला. काळा खडा त्यात नव्हता. मुलांना बोलावून रागावले. चौघांनीही गळ्याची शपथ घेतली. मी खडा ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली एकच आहे. ती माझ्या कमरेला असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जांभळीखाली तो पुन्हा उरला.

त्याच आठवड्यात विहिरीवर शांती भेटली. घागर भरता भरता सहज बोलल्यासारखी म्हणाली, "बाई, भाकऱ्या मोजून नेती मी. मानशी दोन. खायाला बसलं की येकाला कमी पडतीया. कोन खातंय कळंना."

"नागू असेल," मी म्हणाले.

"नागू कुटं येतोय आमच्यासंगं?"

रविवारी मी मुलांना समोर बसवलं आणि पाटीवर तिसरा प्रश्न लिहिला. तो कशानं हरतो? माझं उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. कुणी त्याला 'तू कोण?' असं तीनदा विचारलं की तो रानात परत जाईल. खेळ सुरू झाल्यावर नवी गोष्ट आम्ही अशीच धरत नसू. तीन पांढऱ्या पडाव्या लागत. मी फाका टाकल्या. चारही काळ्या.

पुन्हा टाकल्या. काळ्या.

"राहू दे," मी म्हणाले. "हे असंच धरायचं."

"का बाई?" चंद्रा म्हणाली. "तुमीच सांगिटलं न्हवं, खेळात एकदा बोललं त्ये बोललं? मागनं बदलायचं न्हाई म्हनून?"

मी तसंच शिकवलं होतं. तरीही मी ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"चंद्रा, तू रानात जातेस का?"

"उद्यापास्नं. आयच्या जोडीला."

मी त्याच दुपारी शांतीकडे गेले. ती अंगणात शिकेकाई पसरत होती. काय सांगायचं ते मला कळत नव्हतं. भुतं नसतात, हे या गावाला मीच शिकवलं होतं. शांतीलासुद्धा मीच शिकवलं होतं. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती.

"चंद्राला आठ दिवस नेऊ नकोस," मी म्हणाले.

"का? ताप हाय तिला?"

"नाही. मला बरं वाटत नाही म्हणून म्हणते."

शांती हसली. "तुमच्या खेळातल्या भुताला मी भिऊ व्हय, बाई? तुमीच भिताय की काय? आवो, म्होरं आज्जा, मागं आमी. पोरगी मधी." तिनं मला शेंगांचा वाडगा दिला. "उगं जिवाला लावून घेऊ नगा."

मंगळवारी नऊ माणसं गेली. मी दुपारी बाराच्या सुमारास जांभळीखाली जाऊन बसले. तिथं भर दुपारीही ऊन पोचत नाही. दगडावर शेंदूर, चार सुकलेली फुलं आणि ओळीनं नऊ खडे. चंद्राचा पांढरा खडा शेवटून दुसरा. आणि सगळ्यांच्या मागं, जरा अंतर ठेवून, काळा.

मी तो उचलला. ओढा शंभर पावलांवर आहे. तिथल्या डोहात, जिथं तळ दिसत नाही तिथं, मी तो टाकला. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत उभी राहिले. मग येऊन पुन्हा दगडापाशी बसले. नऊ खडे. बरोबर नऊ. मला हलकं वाटलं.

चारच्या सुमारास माणसं दिसली. पुढं धाकलूआज्जा. मी मोजू लागले. एक, दोन, तीन. शांती सहावी. तिच्या मागं दोघं.

आणि शेवटी, जरा अंतर ठेवून, चंद्रा.

"आवो, बाई सामोऱ्या आल्यात!" शांती म्हणाली. "हाय न्हवं तुमची पोर?"

एकेक जण वाकला आणि आपला खडा घेऊन बाजूला झाला. शेवटी चंद्रा आली. ती वाकली नाही.

दगडावर पांढरा खडा उरला.

"चंद्रे, तुजा खडा घे की," शांती म्हणाली.

"घेतला की." तिनं मूठ उघडली. तळहातावर काळा खडा होता. ओला. पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

"मग ह्यो कुनाचा?" धाकलूआज्जानं विचारलं.

आज्जानं माणसं पुन्हा मोजली. नऊ. त्यानं रानाकडं पाहिलं.

"बाईंचा आसंल," कुणीतरी म्हणालं. "त्या हितं बसल्यात न्हवं?"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. चंद्राही पाहत होती. तोच चेहरा, कपाळावर तोच गोंदणाचा ठिपका, तोच फाटका परकर.

"तू कोण?" मी विचारलं. पुन्हा विचारलं.

"बाई, असं काय करताय?" शांतीचं हसू गेलं. ती मधे आली आणि तिनं मुलीला पोटाशी धरलं. "उन्हानं चक्कर आली काय तुमाला?"

तिसऱ्यांदा मला विचारता आलं नाही. आईच्या कमरेआडून मुलगी माझ्याकडं शांतपणे बघत होती.

खडा माझा नाही म्हटलं असतं तर ढोल निघाले असते. पण कुणाला शोधायला पाठवणार होते मी? चंद्रा समोर उभी होती.

"बाई, खडा तुमचाच न्हवं?" आज्जानं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "माझाच."

वाकून मी तो उचलला. माणसं घरी निघाली.

त्याला आता चार वर्षं झाली. चंद्रा पंधरा वर्षांची आहे. आईला हातभार लावते, उलटून बोलत नाही. "शाणी झाली पोर," शांती सगळ्यांना सांगते. त्या मंगळवारनंतरच्या रविवारी ती खेळायला आली होती. मागच्या भिंतीशी बसली. फुलानं डबा पालथा करून विचारलं, "मागला कुटं गेला?"

"आता त्येचं काम न्हाई," चंद्रा म्हणाली. "झालं त्येचं."

मी सांगत असलेली गोष्ट तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली. एकदाही 'का' विचारलं नाही. खेळ मी त्या दिवशी बंद केला.

दगडापाशी आता खडा उरत नाही. म्हणून रोज सकाळी मी जाते आणि पांढरा खडा तिथं ठेवते. माणसं रानातून परत येतात, आपापले खडे उचलतात, माझ्याकडं न बघता निघून जातात. धाकलूआज्जा एकदा थांबला होता. खाच असलेल्या त्या खड्याकडं त्यानं बराच वेळ पाहिलं, मग डोक्याचा पटका काढला आणि निघून गेला. सगळे गेल्यावर मी रानाकडं तोंड करून चंद्राला हाक मारते. मग खडा उचलून घरी आणते. उचलताना तो नेहमी गार असतो.

गेल्या सोमवारी सावलीतला तो खडा उचलला तेव्हा कोमट लागला. कुणीतरी बराच वेळ मुठीत घट्ट धरून ठेवल्यासारखा. त्याच्या खाचेत चिंचोक्याची एक फाक अडकली होती. पांढरी बाजू आत, काळी वर.