पंताची छाप

निवड स्पर्धेत चिमणी घोडी उधळली नाही तर कुणाला काय मिळणार, याचा हिशोब घोडेस्वारी क्लबातल्या प्रत्येकानं मनातल्या मनात मांडून ठेवला होता. विश्वासराव इंगवल्यांना पेपरात मुलीबरोबर फोटो मिळणार होता. त्या फोटोत मागे आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीचा फलक कसा येईल, हेही त्यांनी बघून ठेवलं होतं. रिसालदार थोरवत सर फौजेतून निवृत्त झाल्यापासून ज्याची वाट पाहत होते ते, म्हणजे आपल्या हाताखालचं पोर देशाच्या कुमार संघात, त्यांना एकदाचं दिसणार होतं. डॉ. नीलाक्षी बर्व्यांना भित्री जनावरं शांत करणारी आपली पट्टी चालते याचा पुरावा मिळणार होता. आणि विश्वासरावांच्या मुलीला, सोळा वर्षांच्या संयोगिताला, चिमणी मिळणार होती. तिचा हिशोब सगळ्यांत लहान, म्हणून भीतीही सगळ्यांत मोठी.

चिमणीला काय मिळणार, हा रकाना कुणी आखलाच नव्हता.

चिमणीचं रेसच्या कागदांवरचं नाव 'थंडर क्वीन'. मेघगर्जनेची ही राणी सुतळीच्या तुकड्याला घाबरायची. छत्री, टाळी, उडती पिशवी, वाळत घातलेला टॉवेल, कशालाही. रेसमधून निवृत्त होऊन ती पन्हाळा रस्त्यावरच्या या क्लबात आली आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्याच सावलीवरून उडी मारून गेली, तेव्हापासून तिचं नाव चिमणी पडलं. संयोगितावर मात्र तिचा जीव. लांबून पोरीची सायकल दिसली तरी खिंकाळायची, जवळ आली की खिशात तोंड घालून गूळ शोधायची, आणि नाही मिळाला तर बाहीला हलकेच दात लावायची.

पण नुसत्या जिवावर क्लब चालत नाही. ज्या घोडीवर दुसरं कुणी बसू शकत नाही तिला दाणा किती दिवस घालायचा, असा प्रश्न समितीत निघालाच. वरातीला घोड्या पुरवणारा एकजण इचलकरंजीहून येऊन चिमणीचे दात बघून गेला. ताशे, बँड, फटाक्यांच्या माळा आणि पाठीवर घामाघूम नवरदेव, असं पुढचं आयुष्य तिच्यासाठी तयार होतं. विश्वासराव मुलीला म्हणाले, "संघात नाव आलं तर चिमणी तुझी. पैसे मी भरतो. नाही आलं तर हट्ट करायचा नाही, संयू."

"नाही करत. पण नाव काढतोच मी," संयोगिता म्हणाली. कोल्हापूरच्या पुष्कळ मुलींसारखी तीही स्वतःबद्दल 'करतो, येतो' असंच बोलायची, आणि बोलताना हनुवटी वर असायची.

संघात जायचं ते ड्रेसाजमधून. उड्या नाहीत, शर्यत नाही. वाळूच्या लांबट मैदानाच्या कडेला अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात; या पाटीपासून त्या पाटीपर्यंत दुडकी, इथं वर्तुळ, तिथं तिरपी रेघ, मधोमध येऊन स्तब्ध उभं राहायचं आणि पंचांना सलाम. घोडा आणि स्वार एकमेकांशी बोलतायत हे कुणाला दिसता कामा नये. भित्र्या घोड्याचं तिथं काही काम नाही. संयोगिता चिमणीला घेऊन पहिल्या स्पर्धेत उतरली तेव्हा चिमणीनं 'एच'ची पाटी पाहिली, तिला ती वाघासारखी वाटली असावी, आणि दोघी मैदानाचं कुंपण ओलांडून थेट चहाच्या गाड्यापाशी पोचल्या. पंचांनी गुण देण्याऐवजी विचारपूस केली.

अशा वेळी डॉ. बर्वे पुण्याहून आल्या. त्या मुळात जनावरांच्या डॉक्टर, पुढं मेंदूच्या अभ्यासात शिरलेल्या. त्यांनी बनवलेली निवांतपट्टी दिसायला साध्या कपाळपट्टीसारखी होती. आत बोटाएवढी चुंबकी वेटोळी. कल्पना त्यांनी तबेल्यातच, हातातल्या गाजरावर बोट फिरवत समजावली. शांत जनावराच्या मेंदूत एक लय असते. ती टिपून ठेवायची, म्हणजे त्याची छाप घ्यायची. मग भित्र्या जनावराच्या कपाळावरची पट्टी त्याच्या मेंदूला हलक्या ठोक्यांनी त्या लयीकडे ढकलत राहते. औषध नाही, चाबूक नाही. नियमपुस्तकातही बंदी नव्हती, कारण नियम करणाऱ्यांना असलं काही सुचलंच नव्हतं.

छाप कुणाची घ्यायची हा प्रश्न क्लबात आलाच नाही. पंताची.

पंत म्हणजे क्लबाचा म्हातारा पांढरा घोडा. शहाण्यासारखा चेहरा, म्हणून पंत. अर्धं कोल्हापूर त्याच्या तोंडावर लगाम ओढून, बरगड्यांत टाचा मारून घोडा शिकलं होतं. पोरांनी त्याच्या शेपटीला फुगे बांधले, कानाशी पिपाण्या वाजवल्या. पंत हलला नाही. नव्या पालकांना क्लब दाखवताना आधी पंत दाखवायचे. डॉ. बर्व्यांनी छाप घेतली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पंत गेला. आतड्याला पीळ पडला होता हे चिरल्यावर कळलं. दोन दिवस तरी तो कळवळत असायला हवा होता. पण त्यानं ना पाय आपटला, ना कुशीकडे वळून पाहिलं. सकाळी दार उघडलं तर आडवा. शोकसभेत सगळे हेच म्हणाले, की जातानासुद्धा कुणाला त्रास दिला नाही.

पट्टी लागली त्या दिवशी चिमणीच्या नाकासमोरून दुधाची रिकामी पिशवी उडत गेली. चिमणीनं पाहिलं, आणि नजर खाली घातली. थोरवत सरांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग स्वतः छत्री उघडून बंद केली, दोनदा. काही नाही.

"पंतच आला की परत," सर म्हणाले. ते खुशीत म्हणाले होते.

स्वाराची भीती मांड्यांतून, बोटांतून घोड्याला कळते, म्हणून डॉ. बर्व्यांनी जोडपट्टीही आणली होती. संयोगिताच्या हेल्मेटच्या आत तीच लय. दोघी एका तालात. घालून पहिल्यांदा मैदानात गेली तेव्हा पोटातला गोळा कुणी अलगद उचलून नेल्यासारखं तिला वाटलं. कामं भराभर होऊ लागली. वर्तुळं गोल झाली, रेघा सरळ झाल्या. सरांना ओरडायला काही उरेना, त्यामुळे त्यांचा घसा बरा झाला.

दुसऱ्याही काही गोष्टी होत होत्या, पण त्या फायद्याच्या बाजूलाच लिहिल्या गेल्या. चिमणी आता ठाणात कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहायची. पंत उभा राहायचा तशीच, मागचा डावा पाय सैल सोडून. सायकल दिसली तरी खिंकाळायची नाही. संयोगितानं गूळ पुढं केला तर खायची. नाही केला तर मागायची नाही. लहान मुलांचे पालक येऊन विचारू लागले, या घोडीवर आमच्या बाळाला बसवाल का. एकदा संयोगिता तिचं कपाळ खाजवत उभी असताना चिमणीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत ओळख होती, पण ती चिमणीची नव्हती. आपण पूर्वी ज्याच्या तोंडावर लगाम ओढला होता तो आपल्याकडे पाहतोय, असं संयोगिताला क्षणभर वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

घरीही बरं चाललं होतं. ती जेवणावरून वाद घालत नव्हती, धाकट्या भावावर डाफरत नव्हती. आई म्हणाली, पोर मोठी झाली. विश्वासराव म्हणाले, पट्टीचे पैसे वसूल.

निवड स्पर्धा पुण्यात होती. मैदानावर चित्रण करणारे ड्रोन, झेंडे, टाळ्या, ध्वनिक्षेपक; म्हणजे पूर्वीच्या चिमणीसाठी नरकच. दोघी आत शिरल्या आणि चिमणीचा कानही हलला नाही. दुडकी अशी की मोजून घ्यावी. पण दुसऱ्या तिरप्या रेघेवर संयोगिताला खोगिरातून काहीतरी कळलं. पुढचा डावा पाय जमिनीवर पुरता टेकायच्या केसभर आधीच उचलला जात होता. पंचांना दिसणार नाही इतकंच. स्वाराला मात्र ते दातात खडा आल्यासारखं कळतं, आणि अशा वेळी करायचं काय, हे तिला पहिल्या वर्षी शिकवलेलं होतं. हात वर करायचा, थांबायचं, उतरायचं.

तिनं पुढचं वर्तुळ काढलं. मग तिरपी रेघ, मग कॅन्टरची संथ दौड, मग मधोमध येऊन स्तब्ध. सलाम. टाळ्या इतक्या वाजल्या की विश्वासराव उभे राहून शेजारच्या अनोळखी माणसाला मुलीचं नाव सांगत सुटले.

तबेल्याशी उतरून तिनं सवयीनं चिमणीचा पाय उचलला. खुरात खिळा होता. कुंपणाचा, लांब, डोक्यापर्यंत आत गेलेला. सरावाच्या जागेतच घुसला असणार. चिमणीनं पाय ओढून घेतला नाही. सर पकडीनं खिळा काढत असताना रक्त त्यांच्या मनगटावरून खाली आलं, तरी ती तशीच उभी, कोपऱ्याकडे बघत.

सरांचा हात थांबला. ते म्हणाले, "पंतानंही काही सांगितलं नव्हतं."

"मला कळलेलं, सर," संयोगिता म्हणाली. "दुसऱ्या रेघेवरच."

"मग थांबली का नाहीस?"

तिनं खरंच विचार केला. "थांबावंसं वाटलं नाही. आता काही होणार नाही, संपेपर्यंत चालायचं, असं वाटत होतं. वाईटही नव्हतं वाटत."

सरांनी तिच्या डोक्यावरून हेल्मेट स्वतःच्या हातांनी काढलं. मग चिमणीची पट्टी.

डॉ. बर्वे त्याच संध्याकाळी आल्या. आवाज न चढवता सरांनी त्यांना विचारलं, की तुम्ही घेतलीत ती छाप शांततेची होती, की सांगून काही उपयोग नाही हे कळलेल्या जनावराची होती? डॉक्टरांनी टॅब्लेटवरचे आलेख पुन्हा पुन्हा पाहिले. संथ ठोके, मंद लय, दचकणं शून्य.

"दोन्हींचा आलेख सारखाच येतो, सर," त्या शेवटी म्हणाल्या. "आम्ही त्याला शांत म्हणालो. पण मी आले तेव्हा तुम्ही सगळेही त्याला शांतच म्हणत होता."

अर्धं कोल्हापूरही हेच म्हणत होतं.

संघाच्या यादीत नाव आलं. विश्वासरावांनी शब्द पाळला. चिमणी संयोगिताची झाली. चिमणी लंगडी, म्हणून सराव बंद आणि दोन्ही पट्ट्या कपाटात. वापर थांबला की काही आठवड्यांत छाप पुसली जाईल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. खूर भरून आला. ते आठवडे होऊन गेले.

आता रोज दुपारी शाळेतून आली की संयोगिता ठाणासमोर उभी राहून प्लॅस्टिकची पिशवी हलवते. चुरगाळते, फडकावते, चिमणीच्या नाकासमोरून सोडते. ज्या पोरीनं वर्षभर घोडीच्या मनातली पिशवीची भीती घालवायला घाम गाळला, ती आता तीच भीती परत आणायला धडपडते, हे बघून नवी पोरं हसतात. चिमणी चारा चघळत राहते.

परवा ती पिशवी हलवत असताना डॉ. बर्वे आल्या. सर आणि विश्वासराव बाकावर बसले होते. घोड्यांवरचे प्रयोग थांबवलेत, डॉक्टरांनी सांगितलं. पण ज्या कंपनीकडे पट्टीचे हक्क आहेत तिच्याकडे शिकवणीवाल्यांची मागणी आली होती. परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांसाठी.

"छाप?" सरांनी विचारलं.

"घोड्याची नाही अर्थात. एका फार गुणी मुलाची घेतली त्यांनी. शाळेत त्याची कधी एक तक्रार नाही." हे बोलताना त्या सरांकडे बघत नव्हत्या. "मी सही केलेली नाही. माझ्या सहीची गरजही नाही म्हणाले."

"पण आमच्या संयूला फायदाच झाला की, मॅडम," विश्वासराव म्हणाले. "घरात आवाज नाही तिचा."

तेवढ्यात वाऱ्यानं तबेल्याचा लोखंडी दरवाजा आपटला. बंदूक सुटावी तसा आवाज. विश्वासरावांच्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला, डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला, फौजेत आयुष्य काढलेले सर अर्धे उठले. सगळे घोडे एकदम खूर आपटत खिंकाळले.

चिमणी खिंकाळली नाही.

थोड्या वेळानं संयोगिताच्या लक्षात आलं, की ते तिघंही आता घोडीकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते. तिच्या हातातल्या पिशवीलासुद्धा हिसका बसला नव्हता.

मग तिनं स्वतःच हिशोब लावून पाहिला. पप्पांना फोटो मिळाला, फलकासकट. सरांना संघ मिळाला. कंपनीला शिकवण्या मिळाल्या. तिला चिमणी मिळाली. पहिली किंमत पंतानं भरली, दुसरी चिमणीनं. तिसरं नाव कुणाचं, हे तिला नीट कळत होतं. त्याचं वाईट वाटायला हवं, हेही कळत होतं.

ती चिमणीशेजारी, कोपऱ्याकडे तोंड करून, वाट बघत उभी राहिली. वाईट वाटेल का?