मागचा डावा स्पीकर

शास्त्रीय संगीतातलं मला काय कळतं? विलंबित म्हणजे वेळ लागणार, एवढंच. आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलाने, संकेतने, पाच स्पीकर आणि एक वूफर बसवला तो त्याच्या आईसाठी. लतिका गाणं शिकलेली. फेब्रुवारीत तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय दोन्ही गेले. डॉक्टर म्हणाले, फार आशा ठेवू नका.

संकेतचा मित्र गॉडफ्रे निर्मळचा. तिथल्या एका वाडीत गाण्याची बैठक झाली, तिचं त्याने चारी बाजूंना माईक लावून रेकॉर्डिंग केलं होतं. सकाळचा चहा झाला की आम्ही ते लावायचो. खरं सांगतो, मजा यायची. गायिका टीव्हीच्या जागी, तबला खिडकीपाशी, तंबोरा शोकेसजवळ आणि पाठीमागे पानांची सळसळ. सोफा सोडून सतरंजीवर बसल्यासारखं वाटायचं.

मागच्या डाव्या स्पीकरमध्ये कुणीतरी ताल धरत होतं. मांडीवर थाप, आणि प्रत्येक थापेला काचेच्या बांगड्यांची बारीक किणकिण.

"बाई तालाची पक्की आहे हो," लतिका म्हणाली. कित्येक दिवसांनी तिच्या आवाजात कौतुक ऐकलं.

मी गॉडफ्रेला फोन करून त्या बाईंचं नाव विचारलं.

"अंकल, मागे कोण बसणार? मागचे माईक मी केळीत लावलेले. तिकडे फक्त झाडं होती."

मी जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले. म्हटलं, पुढच्याच कुणाचा तरी आवाज घुमला असेल.

काही दिवसांनी लतिकाची करंगळी हलली. मग बाकीची बोटं. आणि एका सकाळी, नेमका समेवर, तिचा उजवा हात उचलला गेला आणि मांडीवर पडला. मी लहान पोरासारखा रडलो. डॉक्टरांनी सगळं श्रेय व्यायामाला दिलं. देऊ देत बापडे.

तिचा हात सुधारत गेला तशा स्पीकरमधल्या थापा विरळ होत गेल्या. रेकॉर्डिंग तेच, एकदा झालेलं. तरी विरळ होत गेल्या, आणि मग थांबल्या.

मला त्याची भीती वाटली नाही. मला फक्त त्या बाईंचे उपकार दिसत होते. गॉडफ्रेकडून जागा समजून घेऊन मी निर्मळला गेलो आणि आई भरायची तशी त्या केळीखाली ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण आणि हिरव्या बांगड्या. "ताई, माझी बायको मला परत दिलीत," असं चक्क मोठ्याने बोललो. घरी येताना फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर रेकॉर्डिंग लावलं.

गायिकेचा पहिला स्वर लागला. पानं सळसळली.

मग मागून, डावीकडून, काचेवर काच घासल्याचा आवाज आला. दोऱ्यात बांधलेल्या नव्या बांगड्या कुणीतरी जमिनीवरून ओढत होतं.

"बांगड्या कशा भरू गो?" बाईचा आवाज अगदी दमलेला होता. "हात उचलत नाय."

आम्हाला काय मिळालं होतं आणि ते कुणाचं घेतलं होतं, ते तेव्हा कळलं. मी रिमोट उचलला.

लतिकाने माझं मनगट धरलं. उजव्या हाताने, घट्ट.

"अहो, बंद करू नका," ती म्हणाली. "पाय अजून राहिलाय."