नीरा, कुंदन आणि आईचं नाक

उधन्याच्या नीरा केंद्रावर त्या पहाटे एकच ग्लास उरला होता आणि त्यावर दोन हात पडले. एक माझा, एक कुणा अनोळखी मुलाचा.

"घ्या, तुम्हीच घ्या," तो म्हणाला. "तशीही इथली पाणचटच असते."

"तुम्ही काय नीरेचे इन्स्पेक्टर?"

"छे! मी कुंदन. कापडाच्या लूमवर असतो." आणि हसला... मेल्याच्या गालाला खळी पडत होती! "खरी नीरा ओलपाडच्या रस्त्याला मिळते. येता रविवारी?"

मी छाया, साड्यांना फॉल लावणारी सरळमार्गी मुलगी, चक्क हो म्हणाले.

मग त्या हिवाळ्यात दर रविवारी त्याच्या सायकलवर डबलसीट! एका गावची नीरा गुळचट, दुसरीकडची धुरकट, डुमसकडची तर किंचित खारट. तो डोळे मिटून चव घ्यायचा आणि मी डोळे उघडे ठेवून त्याला बघायचे. आईला सांगायचे, मार्केटात लवकर बोलावलंय.

खोटं का बोलायचे? माझे वडील, अण्णा, दारूनं गेले. दारूबंदीच्या राज्यातही त्यांना मिळायचीच. रोज संध्याकाळी आई दारातच त्यांचं तोंड हुंगायची. ते गेले तेव्हाच तिनं ठरवलं, पिणाऱ्याच्या घरात पोरगी द्यायची नाही म्हणजे नाही. आणि नीरा ज्या झाडाची, ताडीही त्याच झाडाची. ऊन चढलं की नीरा आंबते, तिचीच ताडी होते.

हे सगळं ठाऊक असून मी शहाणीनं काय करावं? आईलाही चव कळू दे म्हणून कुंदनकडून बाटली भरून घेतली आणि भर उन्हात, गर्दीच्या बसमधून घरी आणली. बूच काढलं... फस्स! सगळ्या खोलीत आंबूस वास.

"कोणी दिली?" आईनं बाटली मोरीत ओतली. मी नाव सांगितलं. "पुन्हा त्याचं नाव काढू नको."

मी रडत रडतच शेजारच्या पोराहाती त्याला निरोप धाडला. संध्याकाळी बघते तर तोच दारात!

"मावशी, चूक माझी. बर्फात घालून द्यायला हवी होती. पण मी पीत नाही हो... वास घ्या." आणि खुशाल तोंड उघडून उभा राहिला.

आईनं खरंच हुंगलं. "आज नसशील प्यायला," म्हणाली आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. पाळी सुटली की केसांत धाग्यांचा भुगा तसाच, "मावशी, वास घ्या." महिनाभर! सगळी चाळ हसायची. मला लाज वाटायची, पण संध्याकाळ झाली की जीव दाराशी जायचा. इतका तो मला आवडायला लागला होता.

एके संध्याकाळी तो आलाच नाही. आई तीनदा दारात जाऊन आली. तिची भाकरी करपली. मला वाटलं, झालं... कंटाळला.

दुसऱ्या दिवशी आला तो लालभडक डोळ्यांनी, झोकांड्या खात.

"कथा व्हता रे तू काल?" आई ओरडली, कुठं होतास म्हणून. रागावली की ती थेट अहिराणीवर यायची.

"डबल पाळी होती, मावशी. झोपच नाही. घ्या, वास—"

आईनं घेतला नाही. "आधी हातपाय धू," ती म्हणाली. "जेवायला वाढते."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आई, मला हाच हवाय!"

कुंदनला ठसका लागला. आई ताट मांडत होती.

"मला काय डोळे नाहीत?" ती म्हणाली. "आणि तू रे, नुसता खोकत काय बसलास? आईबापाला पत्र टाक. म्हणावं, छायाच्या आईनं, सुभद्राबाईनं बोलावलंय."