चंद्रिकाचा ठोका

“हे कार्ड एकदा यंत्रात गेलं ना ताई, की निघेल ते उत्तर थेट न्यायालयात जातं. तुमच्या बाजूचं असो की उलटं. विचार करायचा असेल तर आत्ताच करा.”

प्रकाशवेध प्रयोगशाळेच्या डॉ. लीना पिंपळापुरे हात पुढे करून थांबल्या होत्या. शलाकाने कॅमेऱ्याचं कार्ड मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की त्याची कड तळव्यात रुतली होती. वीस दिवस ते तिने तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. एकदा कचऱ्यात टाकून परत काढलंही होतं.

दाराबाहेर बाकावर तिचे बाबा बसले होते, जामिनावर सुटलेले. यशवंतराव नंदनवार. नागपुरात निऑनच्या काचनळ्या आगीवर वाकवून अक्षरं घडवणारा शेवटचा कारागीर. मांडीवर शलाकाची आठ महिन्यांची चिऊ. सारं शहर कागदासारख्या पातळ प्रकाशपटलांवर गेलं, तरी चंद्रिका टॉकीजच्या कपाळावर बाबांची लाल अक्षरं अजून पेटत. संध्याकाळी अशा उरल्यासुरल्या पाट्यांचे फोटो काढत फिरणं हा शलाकाचा उद्योग. डिसेंबरात एके दिवशी सव्वाआठला त्याच लाल अक्षरांमागे आग लागली आणि टॉकीजचा ऑपरेटर जळून गेला.

मालक म्हणाला, तार सडलेली होती, कारागिराने सांगितलंच नाही. बाबा म्हणाले, “म्या सातलेच पाटी बंद केली. फ्यूज काढून खिशात टाकला. मालकाले सांगतलं, उद्या नवी तार आणतो, तवर लावू नका.” ही त्यांची जुनी रीत. नादुरुस्त पाटीचा फ्यूज कारागिराच्या खिशात. मागे कुणी बटण दाबलं तरी कुणाचा जीव जायला नको. पोलिसांनी तो चिनी मातीचा फ्यूज उलटासुलटा करून परत दिला. असले बाजारात ढिगाने मिळतात म्हणे.

आणि शलाकाच्या कार्डात त्याच संध्याकाळची चंद्रिका होती. झगझगीत, लाल. किती वाजताची, ते तिलाही ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्याची बॅटरी बदलल्यावर घड्याळ लावायचं राहून गेलं होतं. डिसेंबरात सहालाच अंधार. आकाशावरून काय कळणार? आणि आठ महिन्यांच्या लेकराच्या आईला सहा काय नि आठ काय, सारी संध्याकाळ सारखीच. चित्र सातच्या आधीचं असेल तर बाबा खरे. नंतरचं असेल तर...

तिने मूठ उघडली.

“एका फोटोवर भागत नाही,” डॉक्टर कार्ड सरकवत म्हणाल्या.

“अकरा मिनिटांचं चित्रण आहे. फोटो काढून झाल्यावर नुसतं चालू केलं आणि चिऊ रडायला लागली. गाडीत बसून पाजत होते. कॅमेरा तसाच चालू राहिला.”

“मग लेकीचे आभार माना. बघा, विजेवरचा दिवा सेकंदाला शंभरदा मंदावतो. डोळ्याला दिसत नाही. पण कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून पट्टे उमटतात. आता हा शंभराचा ठोका कधीच नेमका शंभर नसतो. देशात शेतांवरचे पंप चालू झाले की जरा मंदावतो, बंद झाले की वाढतो. सगळ्या देशाची एकच नाडी. गेली पंधरा वर्षं आम्ही सेकंदासेकंदाला तिची नोंद ठेवतोय. अकरा मिनिटांची चढउतार पुन्हा हुबेहूब तशी येत नाही. तुमचे पट्टे नोंदीवर सरकवत न्यायचे. जुळले की वेळ मिळाली.”

पडद्यावर हिरवी रेघ नोंदीवरून घसरत गेली, अडखळली, पुढे गेली. बाहेरून बाबांचं गुणगुणणं येत होतं. शलाकाला ते ऐकवेना.

रेघ बसली.

“सात त्रेचाळीस ते सात चौपन्न,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “शंका नाही. बसा तुम्ही. पाणी आणू?”

शलाका बसली नाही. तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात फिरणाऱ्या चित्रणावर खिळली होती. चंद्रिकाची लाल अक्षरं, शेजारी औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी.

“कोणत्या दिव्यावरून काढलंत?”

“हिरव्या. त्याचे पट्टे स्वच्छ आहेत.”

“आणि लाल?”

“एकाच रस्त्यावर एकच वीज, ताई. वेगळं काय निघणार?”

“हिरव्यावरचे पट्टे वर चढताहेत. लालवरचे खाली पळताहेत. मला कॅमेरा बिघडला वाटलं होतं. बघा ना एकदा!”

डॉक्टरांनी चष्मा चढवला. लाल रेघ नोंदीवरून सरकवली. एक दिवस, एक महिना, सगळी पंधरा वर्षं. ती कुठेच बसेना.

“एकशे तीनच्या पुढे,” त्या पुटपुटल्या, “आणि मध्येच धाप लागल्यासारखा खाली. देशाची नाडी इतकी कधीच चुकत नाही. ही सार्वजनिक वीजच नाही. जनरेटर आहे. डिझेलचा, जुनाट.” त्या वळल्या. “म्हणजे पाटीची सरकारी वीज तेव्हा तुटलेली होती. कुणीतरी दुसरीकडून जोडून पेटवली.”

शलाका बाहेर आली. बाबांनी मान वर केली. “किती वाजले निघाले वो?”

“सात त्रेचाळीस.”

चिऊच्या पाठीवरचा त्यांचा हात थांबला. “सातले तं म्या फ्यूज...”

“हो, बाबा. पाटी जनरेटरवर पेटली होती. निघालं मशीनमध्ये.”

त्यांचा हात पुन्हा चिऊच्या पाठीवर फिरू लागला. मग म्हणाले, “फ्यूजची पेटी सोडून जनरेटर सरळ तारेले जोडलं असन. सडकी तार, अन् वरतून बिनफ्यूजची. थो बिचारा ऑपरेटर आतच होता.” खिशातून त्यांनी चिनी मातीचा फ्यूज काढला. “हा दे मॅडमले. आता घेतील.”

तिने तळवा पुढे केला. कार्डाची लाल खूण अजून तिथे होती. ती त्यांना दिसली.

“शलू,” ते म्हणाले, “कार्ड तं त्याच रोजचं हाय ना? मंग वीस दिवस काऊन नाही आणलं?”



उत्तराची वाट न बघता बाबांनी फ्यूज तिच्या हातावर ठेवला, बोटं मिटवली आणि चिऊला तिच्या कुशीत दिलं. “घे. कवाची भुकेजली हाय ते.”