नळीचं दुसरं टोक

हर्षालीनं, म्हणजे माझ्या नातीनं, वही आणून माझ्यापुढं आपटली आणि म्हणाली, "नाना, आज लिहिल्याशिवाय चहा नाही." आता हिला काय म्हणायचं? चौथीत शाळा सुटली माझी. थापी धरून बोटं वाकडी झालेली, त्यांत पेन ठरत नाही. आणि हे काही हौसेनं सांगण्यासारखं पण नाही. पण गल्लीतली माणसं आपल्या मनाचं घालून सांगायला लागलीत. कुणी म्हणतं म्हातारा पिऊन होता. कुणी म्हणतं पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसली. मी दारूला शिवत नाही, आणि मला कुणी दिसलेलं नाही. दिसलं असतं तर बरं झालं असतं. तर लिहितो. एकदाच लिहीन. परत विचारायचं नाही.

मी पुंजाराम, गवंडी. पन्नास वर्षं भिंती बांधल्या आणि पाडल्या. माझा मुलगा सोमनाथ आधी माझ्या हाताखाली घमेली उचलायचा, आता तो ठेकेदार आहे आणि मी त्याच्या हाताखाली. घरी बसा, घरी बसा म्हणतो. घरी बसून काय करू, भिंतीकडं बघू? ते तर कामावर पण करतो.

यंदाच्या एप्रिलात त्यानं जुन्या नाशकातलं एक काम घेतलं. तीन मजली इमारत, नव्वद वर्षांची. दगडी जिना, सागवानी दारं, वेलबुट्टीच्या रंगीत फरश्या. दुसऱ्या मजल्यावरचं घर महेश नावाच्या एका कंपनीवाल्यानं विकत घेतलेलं. त्याच्या बायकोनं, सुवर्णानं, मोबाइलवर चित्रं दाखवली. सगळं राखाडी. भिंती राखाडी, सोफा राखाडी, छत खाली आणून त्यात लपवलेले दिवे.

मी म्हणालो, "पोरी, एवढ्या राखाडीत तुझा नवरा हरवायचा."

ती हसली. "हरवला तर शोधू, नाना."

मला आवडली ती. सातवा महिना होता तिला. आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला माहेरी जायचं नव्हतं. सगळ्यात आतली खोली तिनं स्वतःसाठी आणि बाळासाठी ठेवली होती. म्हणाली, "बाकी घर मागं पडलं तरी चालेल, पण ही खोली जूनपर्यंत द्या. दवाखान्यातून मी थेट इथं येणार."

मी ती खोली पाहिली. लहानशी. खिडकी एकच, ती पण उंचावर. छताला पाळण्याची लोखंडी कडी, कोपऱ्यात न्हाणी, आणि एका बाजूचा चुन्याचा गिलावा धुरानं काळा पडलेला. मला कळलं ही बाळंतिणीची खोली. शेकशेगडीचा धूर होता तो. मनात म्हटलं, बरंच झालं, ज्या कामाला होती त्याच कामाला राहील. तेव्हा एवढंच वाटलं.

पहिलं काम लेव्हलचं. घरभर छातीच्या उंचीला एक सरळ रेघ मारायची, मग तिच्यावरून फरशी, ओटा, छत, सगळं मोजायचं. सोमनाथकडं त्याचं लाल उजेडाचं यंत्र आहे, पण ते सिन्नरच्या कामावर गेलेलं. मी म्हटलं, यंत्र कशाला, माझी नळी आहे ना.

नळी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वीस मीटर लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरायचं. एक टोक माझ्याजवळ, दुसरं दुसऱ्या खोलीत. पाणी दोन्हीकडं एकाच उंचीला उभं राहतं, मधे भिंत असो नाहीतर आणखी काही. मी ओरडायचं, "थांबलं का?" पाणी हलायचं थांबलं की पलीकडच्या माणसानं म्हणायचं, "थांबलं," आणि भिंतीवर खूण करायची. पाणी खोटं बोलत नाही.

पलीकडच्या टोकाला रंगूबाई होती. सुरगाण्याकडची, चाळिशीची, अठरा वर्षं माझ्याबरोबर काम करते. तोंडाची फटकळ, हाताची खात्रीची.

दुपारचे अडीच वाजले होते. ऊन असं की बाहेर रस्ता गप्प. आत मात्र गार होतं, आणि ओल्या चुन्याचा वास येत होता. त्या घरात अजून कुणी थेंबभर पाणी सांडलेलं नव्हतं, मग ओला चुना कुठला, हे मला नंतर सुचलं. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं. मग आतल्या खोलीची पाळी आली. मी हॉलमध्ये भिंतीकडं तोंड करून टोक धरून उभा, आणि नळी पॅसेजमधून आत गेलेली.

"थांबलं का?"

मी टोक भिंतीला लावून धरलं.

"थांबलं..."

आवाज बारीक. मला वाटलं रंगूबाई दमली. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या टोकाचं पाणी खाली गेलं. वीतभर. थांबलं, परत वीतभर. मी नळी तपासली, कुठं गळत नव्हती. बादलीतून तांब्याभर पाणी घातलं.

"रंगूबाई, टोक खाली नेऊ नको गं. थांबलं का?"

"थांबलं..."

परत पाणी गेलं. या वेळी मी बघत राहिलो. सांडणारं पाणी सरसर जातं. हे तसं जात नव्हतं. थोडं जायचं, थांबायचं, थोडं जायचं. घोट घेतल्यासारखं.

तिसऱ्यांदा भरलं. तिसऱ्यांदा तेच. मी तापलो. "बाई, झोपलीस का काय आत?"

तर रंगूबाई माझ्या मागून, जिन्यातून, डोक्यावर रेतीचं घमेलं घेऊन आत आली.

"कुणावर वरडता, मिस्तरी?"

"तू... आत होतीस ना?"

"मी त केव्हाची खाली. तुम्हीच म्हनले ना, टोक खिडकीच्या गजाला बांध आन् रेती चाळ. आता इसरले? नातवंडं कशी संभाळता तुम्ही?"

सांगितलं असेल मी. विसरलो असेन. पण मग उत्तर कुणी दिलं?

दोघं आत गेलो. गजाची सुतळी सुटलेली. टोक भिंतीशी पडलं होतं, जिथं बाज टाकायची जागा असते तिथं. तिथून पाणी वाहायला हवं होतं, तर फरशी कोरडी ठणठणीत. भिंतीवर खुणा होत्या तीन. पेन्सिलीच्या नाहीत, नखानं चुना खरवडून केलेल्या. आणि छातीला नाहीत. गुडघ्याच्या उंचीला. आडव्या पडलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं.

मी नळीचं टोक उचललं. तोंडाशी ती चपटी झाली होती आणि दातांचे बारीक वण होते. रंगूबाईनं पाहिलं आणि एक शब्द न बोलता पदर डोक्यावरून घेतला.

घरी आलो. मालनला, बायकोला, सांगितलं. वाटलं हसेल. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली.

म्हणाली, "बाळंतिणीला पाणी देत नव्हते पूर्वी. पोट सुटतं म्हणायचे. बाळंतशेपाचं वाटीभर पाणी, बास. उन्हाळ्यात, शेगडीच्या धगीशी, बारा दिवस."

"माहीत आहे."

"तुम्हाला काय माहीत आहे? सोमनाथच्या वेळी मी दाराआडून तुमच्याकडं पाणी मागितलं होतं. तुम्ही आईला भिऊन बाहेर निघून गेलात. मी अंगावर टाकायच्या बादलीतलं प्यायले, म्हणून आहे. जिला बादली सापडली नसेल, तिचं काय झालं असेल?"

मी एवढंच ठरवलं की सुवर्णा त्या खोलीत झोपता कामा नये.

दुसऱ्या दिवशी अकराला सोमनाथ आला. सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून हसला. "नाना, तुमची नळी फाटलीय आणि कानाचं मशीन घ्यायचं झालंय. ही खोली सोडा म्हणून मालकाला सांगू? काम जाईल आपलं."

"तू स्वतः धर. मग सांग."

त्यानं स्वतः नळी भरली. स्वतः आत जाऊन टोक गजाला तारेनं आवळून आला. रंगूबाई आणि मी त्याच्या शेजारी उभे, तिघं एका जागी. आत कुणी नाही. तो मला डोळा मारून ओरडला, "काय ताई, थांबलं का?"

पाणी हललं नाही. बाहेर कुठंतरी रिक्षा गेली. सोमनाथ माझ्याकडं वळून काही तरी टोमणा मारणार, तेवढ्यात त्याच्या हातातलं पाणी खाली जायला लागलं. थोडं... थांबून थोडं... नळी निम्मी झाली, रिकामी झाली. आणि आतून बाईचा आवाज आला, कोरड्या घशाचा, अगदी आर्जवाचा.

"अजून आहे का...?"

आता बघा, कामावरच्या माणसाला एक सवय असते. कुणी माल मागितला, पाणी मागितलं, की तोंडातून आपोआप निघतं. विचार करायला वेळ नसतो. सोमनाथच्या तोंडातून निघालं,

"आणतो!"

म्हणाला आणि चुन्यासारखा पांढरा पडला. नळी हातातून सुटली. मी म्हणालो, "आता बोललास तर दे. तांब्या भर आणि ठेवून ये." तो जागचा हलेना. मी बादलीकडं वळतोय तोच जिन्यात चपलांचा आवाज. सुवर्णा आली होती, फरशीचे नमुने बघायला, एक हात पोटावर, एक कठड्यावर, दम लागलेला.

मी सरळ तिच्यापुढं गेलो. "पोरी, आतली खोली घेऊ नको. हॉलमध्ये झोप, कुठं पण झोप. तिथं कुणी तरी तहानलेलं आहे."

ती सोमनाथकडं बघायला लागली. "दादा, काय म्हणतात हे? तुम्ही होतात ना इथं?"

एक क्षण मला वाटलं, हा खरं बोलेल. मग तो हसला. स्वतःच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून हसला.

"वय झालंय ताई त्यांचं. ऐकू येत नाही, मग भास होतात. मी इथंच होतो, काही नाही झालं. उद्यापासून आणत नाही त्यांना."

मी रंगूबाईकडं पाहिलं. ती पायाच्या बोटांकडं बघत होती. तिला दोष देत नाही, तिची रोजी सोमनाथच्या हातात. मी थापी, ओळंबा पिशवीत टाकला आणि द्वारका चौकापर्यंत पायी आलो. उन्हाचं भान नव्हतं. खोलीत पाणी कुणीच ठेवलं नाही. ते पण तसंच राहिलं.

काम झालं. सोमनाथनं फोटो आणले, मी बघितले नाहीत. हर्षालीनं सांगितलं, आतल्या खोलीत ढगांचा कागद लावलाय भिंतीला.

जुलै लागला तसा एक दिवस सुवर्णाचा फोन. सोमनाथला नाही, मला. मुलगी झाली होती तिला. आवाज खाली ठेवून बोलत होती, बाळ शेजारी असेल.

"नाना, तुम्ही म्हणाला होतात... मी पहिल्या दिवशी दुपारी पडले होते. मागून कुणी तरी विचारलं, अजून आहे का."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. पण मला तुमचं आठवलं. उठून तांब्या भरून ठेवला तिथं, भिंतीशी."

"शहाणी आहेस. रोज ठेव. बोलू मात्र काही नको. हो म्हणू नको, आणते म्हणू नको."

तिनं रोज ठेवला. रोज रिकामा. भीती वाटते का विचारलं तर म्हणाली, "वाटते. पण तहान मला पण लागते ना, नाना." बाराव्या दिवसापर्यंत असं. तेराव्या दिवसापासून तांब्या भरलेला तसाच. तिनं मला फोन करून सांगितलं, रडत होती, हसत होती. "गेली वाटतं. मी आणि माझी परी ठीक आहोत." मी देवाला हात जोडले. मग सहज विचारलं, तेरावा दिवस म्हणजे कोणता. म्हणाली, सोमवार.

सोमवारीच दुपारी सोमनाथ कामावरून लवकर आला होता. तहान लागली म्हणाला. माठ संपवला. रात्री कळशी संपवली. आज महिना होत आला. डॉक्टरनं रक्त तपासलं, लघवी तपासली, साखर नाही, मूत्रपिंड चांगलं. ओठ फुटून त्यांना खपल्या धरल्यात. बाटली खाली ठेवत नाही आणि हाडं दिसायला लागलीत. झोपेत कूस बदलली की म्हणतो, "आणतो, आणतो." मालन उशाशी बसते. तिनं मला परवा जवळ बोलावलं, तोंडावर बोट ठेवून. मी वाकून ऐकलं. सोमनाथनं बाटली तोंडाला लावली, एक घोट घेतला. गिळल्याचा आवाज दोनदा आला. एक त्याच्या घशातून, आणि लगेच एक... त्याच्या पलीकडून, भिंतीच्या बाजूनं.

मी म्हणालो, आता तरी कबूल कर की तू ऐकलं होतंस. सुवर्णाकडं जा, त्या खोलीत उभा राहून जे बोललास ते पुरं कर. कदाचित सुटशील. तर माझ्याकडं न बघता म्हणतो, "काय ऐकलं? मी काहीच ऐकलं नव्हतं."

जीव चाललाय, पण खोटं सोडत नाही. पाच पैशांची किंमत ठेवली नाही त्यानं माझ्या शब्दाला, तीही परक्या बाईसमोर. बाप आहे म्हणून मी रोज त्याचा माठ भरतोय. पण माझी माफी मागायची राहिलीय, ती त्यानं, माझ्या पोरानं, शुद्धीत आहे तोवर मागावी.