विमानाची काच

पितांबर नानांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. वीज मंडळाने भंगारात काढलेलं मीटर तपासणीचं ते टेबल त्यांनी निवृत्तीच्या वर्षी लिलावात घेतलं, ब्राह्मणपुरीच्या घरात खिडकीशी लावलं, आखूड पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला आणि वर पाणसळ ठेवली. तिच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे येईपर्यंत ते जेवायला उठले नाहीत. तिरप्या टेबलावर मीटर खोटं बोलतं, असं त्यांनी नोकरीभर नव्या पोरांना सांगितलं होतं. पाणसळ मग तिथेच, टेबलाच्या कडेला राहिली.

टेबलावर मीटर पुन्हा कधी आलं नाही. आली ती विमानं. त्यांचा मुलगा नवनीत शाळेत असल्यापासून प्लास्टिकची विमानं जोडायचा. पुढे खरी लढाऊ विमानं उडवायला लागला तरी सुट्टीत घरी आला की खोकं उघडून बसायचाच. त्याची आई बेबीबाई म्हणायच्या, आचाऱ्याने सुट्टीत घरी भाकरी थापायला बसावं तसं हे. संक्रांतीच्या सुट्टीत त्याने मोठं खोकं आणलं. तो स्वतः उडवायचा त्याच जातीचं विमान, हातभर लांबीचं. करड्या चौकटींना लटकलेले भाग तो पात्याने कापून काढी, पॉलिशपेपरने घासी आणि ब्रशच्या टोकाने पाण्यासारखा पातळ गोंद सांध्यात सोडी. गोंद आपोआप सांध्यातून धावत जाई. विमान मागे कलंडू नये म्हणून त्याने नाकात शिशाचे छर्रे भरले आणि ते नानांच्या तळहातावर ठेवून वजन घ्यायला सांगितलं. नानांनी अंदाज सांगितला. काट्यावर तो बरोबर निघाला, तेव्हा बापलेक दोघंही हसले.

खोक्यात वैमानिकही होता. हेल्मेट, मास्क, गुडघ्यांवर हात. उंची बोटाच्या पेराएवढी. नवनीत त्याला कधीच बसवत नसे. माणूस बसवला की विमान खेळणं दिसतं, असं त्याचं मत होतं. त्याची सगळी विमानं काच उघडी आणि खुर्ची रिकामी अशीच कपाटावर उभी होती.

काच सर्वांत शेवटी लावायची आणि तीही दुधासारख्या पांढऱ्या गोंदाने, हे त्याने बजावलं होतं. घरात चपलांसाठी आणलेली झटपट गमची नळी टेबलावर दिसली तशी त्याने ती उचलून खिडकीत ठेवली.

"नाना, हाऊ गम काचना जवळ आणू नको. त्याना वाफवर काच मझारतून पांढरी पडस. मंग ते कशानीच निंघत नही."

पंख बसले, शेपट्या बसल्या आणि सुट्टी संपली. उरलेलं पुढच्या खेपेला, असं म्हणून तो गेला.

होळी झाल्यावर फोन आला. सरावाच्या उड्डाणात नवनीतचं विमान समुद्रावर असताना संपर्क तुटला होता. दोन अधिकारी घरी येऊन गेले. अदबीने बोलले, चहा घेतला, शोध चालू आहे म्हणाले. पुढच्या फोनवर तेच म्हणाले, मात्र आवाज थोडा बदललेला होता. कागदावर शब्द होता 'बेपत्ता'. नानांनी तो शब्द धरून ठेवला. बेपत्ता म्हणजे ज्याचा पत्ता अजून लागायचा आहे.

बेबीबाईंचं दुःख दुसऱ्याच वाटेने गेलं. त्यांना पाण्याचा ध्यास लागला. स्वयंपाकघरातला माठ अर्धा झाला की त्या भरायच्या, पुन्हा भरायच्या. जेवताना घास हातात धरून मधेच विचारायच्या,

"समुद्रनं पाणी पेवाले चालस का?"

नाना नाही म्हणायचे. मग त्या पुढचा घास घ्यायच्या नाहीत.

करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून नाना टेबलाशी बसले. विमान पुरं करायचं. त्यात काय होणार होतं, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण रोज सकाळी उठून हाताला काम होतं, आणि काम चालू आहे तोवर गोष्ट संपलेली नाही, एवढं त्यांना पुरत होतं. त्यांनी चाकं बसवली, रंग दिला, पाण्यात भिजवून काढलेली चिन्हं पंखांवर सरकवली. शेवटी खुर्ची उरली. रिकाम्या खुर्चीकडे त्यांना बघवेना. चौकटीवर शेवटचा लटकत राहिलेला तो वैमानिक त्यांनी कापून घेतला, त्याचा मास्क काळा रंगवला, पट्टे रंगवले आणि त्याला आत बसवलं.

पांढऱ्या गोंदाची बाटली आटून घट्ट झाली होती.

इथे नानांचा हात त्यांच्या नोकरीच्या सवयीने चालला. तपासलेलं मीटर सील केल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, नाहीतर मागाहून कुणीही आत हात घालतं. हजारो मीटरांची झाकणं त्यांनी अशी बंद केली होती. त्यांनी काच बसवली, खिडकीतली नळी घेतली, कडेने गमची बारीक रेघ ओढली आणि बोटाने दाबून धरली. बोट उचललं तेव्हा नवनीतचं बोलणं आठवलं.

काच आतून पांढरी होत होती. थोड्याच वेळात वैमानिक दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून टेबलावर आलं तेव्हा नानांना त्या पांढऱ्यात एक स्वच्छ जागा दिसली. तिळाएवढी, वैमानिकाच्या तोंडासमोर. जागा गोल नव्हती. हाताने पुसावं तशी एका बाजूला ओढलेली, कमानीसारखी होती. वाफ सगळीकडे सारखी बसली नसेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि ते जेवायला गेले. परत आले तेव्हा जागा पांढऱ्याने भरली होती. ते बघत असतानाच ती पुन्हा स्वच्छ झाली.

नानांनी त्यावर आरडाओरड केली नाही. संशय आलेल्या मीटरशेजारी खात्रीचं मीटर लावायचं आणि दोन्हींवर एकच भार टाकायचा, ही त्यांची रीत. औषधाच्या डबीचं पारदर्शक झाकण त्यांनी त्याच गमने काचेच्या तुकड्यावर चिकटवलं आणि विमानाशेजारी ठेवलं. झाकणही आतून पांढरं झालं. खडूसारखं, कोरडं, आणि तसंच राहिलं. विमानाची काच मात्र गढूळ व्हायची, निवळायची. वैशाख तोंडावर आला होता. अंगणात वाळत घातलेलं धोतर आत येईपर्यंत कडक व्हायचं, केळीची पानं कडेने करपली होती, घरात माठाखेरीज कशालाच ओल नव्हती. त्या हवेत काचेवर वाफ धरत नाही. तरी ती धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती.

नाना पूर्वी मीटरच्या तबकडीचे फेरे घड्याळावर मोजत. त्याच घड्याळावर त्यांनी ही वाफ मोजली. झोपलेल्या माणसाच्या छातीची जी लय असते, ती होती.

त्यांनी नवनीतच्या हवाई तळावर फोन लावला. शोध थांबवू नका म्हणाले. पलीकडच्या अधिकाऱ्याने सौजन्याने विचारलं, काही नवी माहिती आहे का? नानांनी टेबलावरच्या विमानाकडे बघितलं. मग नाही म्हणाले.

बेबीबाईंनाही त्यांनी काही सांगितलं नाही. तीनदा मोजल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, हा त्यांचा नियम होता. चुकीचा आकडा या बाईला सांगितला तर ती उरणार नाही, हे त्यांना दिसत होतं. एकदा मोजून झालं होतं. दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा आकडा जुळला नाही. दोन वाफांमधलं अंतर वाढलं होतं.

आखाजी दोन दिवसांवर आली तसे नानांचे थोरले भाऊ शांतीलाल घरी आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. गव्हाच्या राशीवर ती ठेवून वर खरबूज, आंबा, सांजोरी मांडतात. नाव घेऊन ओतलेलं पाणी त्या माणसाला पोचतं, असं सगळेच मानतात, आणि नानाही आजवर वडिलांच्या नावाने मुकाट्याने घागर भरत आले होते. शांतीलाल कुंभाराकडून दोन घागरी घेऊन आले होते. दुसरी कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. नानांनी ती दाराबाहेर नेऊन ठेवली.

"मरेल माणूसनी घागर भरतस, भाऊ. मन्हा पोऱ्या बेपत्ता शे. कागदवर तसंच शे."

"आन पाणीनी तीस?" शांतीलाल म्हणाले. "तीस का कागद देखीसन लागस?"

नाना टेबलाशी जाऊन बसले. शांतीलाल बाहेर ओट्यावर बसले. ते वाईट माणूस नव्हते. नवनीतला खांद्यावर बसवून सारंगखेड्याची जत्रा त्यांनीच दाखवली होती. जाताना त्यांनी बाहेरची घागर उचलून आत, माठाशेजारी ठेवली. बेबीबाईंनी ती ठेवू दिली. नानांची तिकडे पाठ होती.

आखाजीच्या सकाळी गल्लीतल्या निंबाला झोके बांधलेले होते. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. नाना तिसऱ्यांदा मोजायला बसले.

वाफ आली. ती विरायला इतका वेळ लागला की त्यांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. घड्याळ चालू होतं. पुढची वाफ आली ती अर्ध्या काचेपर्यंतच. तोंडासमोरची कमान आता पुरी पुसली जात नव्हती. मधेच थांबत होती.

हवा संपत होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली होती.

आता तीन आकडे झाले होते. आधी काच उघडायची, मग बेबीला सांगायचं, मग तळावर फोन करायचा आणि हसतील तर हसू द्यायचं. त्यांनी नवनीतचं पातं घेतलं आणि टोक कडेच्या रेघेत घातलं. गम दगडासारखा झाला होता. जोर लावला तर काच तडकेल आणि पातं सरळ आत जाईल. ते केसाएवढं ओढत, फुंकर मारत, पुन्हा ओढत राहिले. घाम डोळ्यांत उतरत होता. एक कड सुटली. दुसरी सुटायला लागली.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. बेबीबाई पुटपुटत होत्या. शब्द कळत नव्हते, फक्त नाव कळलं.

नानांचा हात थांबला.

काच निवळली. एका दमात, कडेपासून कडेपर्यंत, खोक्यातून काढली तेव्हा होती तशी. वैमानिक दिसला. मास्क, रंगवलेले पट्टे, गुडघ्यांवर हात.

एक हात गुडघ्यावर नव्हता. काचेला लागलेला होता.

मग खुर्चीच्या तळाशी काहीतरी चमकलं.

त्यांनी विमान दोन्ही हातांनी उचललं. ते जड लागलं. नाकातल्या शिशाचं वजन त्यांच्या तळहाताला पाठ होतं. हे त्याहून जास्त होतं, आणि हातात असतानाच वाढत होतं.

पाणी गुडघ्यांवर आलं. पट्ट्यांवर आलं.

त्यांनी पात्याने ओरबाडलं. कड सुटलेली होती, फट दिसत होती, पण फटीतून थेंबही बाहेर येत नव्हता. त्यांना हाक मारायची होती, ओतू नको म्हणायचं होतं. पण ते पात्यावरच जोर लावत राहिले. स्वयंपाकघरात घागर मोठी होती आणि बेबीबाई जपून, सावकाश, काठापर्यंत भरत होत्या.

पाणी मास्कपर्यंत आलं.

ओतण्याचा आवाज थांबला तेव्हा काच पूर्ण भरली होती.

बाहेर झोक्यावर कुणीतरी हसलं. बेबीबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. होळीनंतर प्रथमच त्यांचा चेहरा सैल झालेला होता.

"मन्हावर राग करा," त्या म्हणाल्या, "पन मी भरी दिन्ही त्यानी घागर. नाव लिसन भरी दिन्ही. कितला दिवसना पाणीबिगर तीस्या व्हता तो." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पोचनं व्हई ना त्याले पाणी?"

नानांनी विमान टेबलावर ठेवलं, पाणसळीच्या शेजारी. औषधाच्या डबीचं झाकण पांढरं होतं, कोरडं होतं.

"पोचनं," ते म्हणाले.

बेबीबाई पान वाढायला आत गेल्या. काचेच्या आत, मास्कच्या टोकाशी एक बुडबुडा अडकून राहिला होता. नाना बघत राहिले. तो सुटला, वर चढला आणि काचेच्या बरोबर मधोमध येऊन थांबला.